शिदोरी, झोळी आणि मावळची वाट

सेवाशिबिराला निघणाऱ्या युवकगटाच्या हाती संयोजक जो पहिला कागद देतात, तो बहुधा सामानाच्या यादीचा असतो. अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी-पेला, विजेरी, कपड्यांचे दोन जोड, रोजची औषधे, प्रार्थनापुस्तक. आणि सर्वांत शेवटी एक सूचना, की सामान कमीत कमी आणावे. इतर सर्व बाबी तरुण मंडळी काटेकोरपणे पाळतात. या शेवटच्या ओळीकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. गाडीत जागा अपुरी असते, चढण असते, पावसात सामान भिजते, अशी तिची व्यावहारिक कारणे सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. परंतु या एका ओळीमागे ख्रिस्तसभेचा जवळजवळ दोन हजार वर्षांचा अनुभव उभा आहे, याची जाणीव सूचना देणाऱ्यालाही क्वचितच असते. आणि ज्या भोर-वेल्ह्याच्या मुलखात हे शिबीर भरायचे, त्या मुलखालाही ओझ्याचा स्वतःचा असा इतिहास आहे. हे दोन्ही इतिहास शेजारी ठेवून वाचले, तर एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. ओझे किती, हा तो प्रश्न नाही. ते शेवटी कोणाच्या खांद्यावर पडते, हा तो प्रश्न आहे.

प्रेषितांची यादी

प्रभू येशूने बारा जणांना गावोगाव धाडताना दिलेल्या सूचना मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही नोंदविल्या आहेत. भाकरी, झोळी, कमरपट्ट्यात पैसा आणि जादा अंगरखा यांपैकी काही बरोबर घ्यायचे नव्हते. मात्र तिघांच्या नोंदींत एक लक्षणीय फरक आहे. मार्क प्रेषितांच्या हातात काठी आणि पायांत वहाणा राहू देतो. मत्तय या दोन्ही गोष्टी नाकारतो. लूकच्या नवव्या अध्यायातही काठीला मनाई आहे, आणि दहाव्या अध्यायात बाहत्तर शिष्यांना पाठविताना वहाणाही वर्ज्य ठरविल्या आहेत. या तफावतीवर धर्मपंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. आपल्यापुरते तात्पर्य एवढेच, की काठी घ्यावी की न घ्यावी याचा विचार पहिल्या शतकातील ख्रिस्ती मंडळ्याही आपापल्या वाटांचा खडकाळपणा पाहून करीत असाव्यात. झोळी आणि पैसा यांविषयी मात्र तिघांचे एकमत आहे.

झोळीलाच एवढा कटाक्षाने विरोध का? त्या काळी ग्रीक जगात सिनिक पंथाचे फिरते तत्त्वज्ञ काठी आणि झोळी घेऊन हिंडत. मिळालेली भिक्षा झोळीत साठवायची आणि कोणाच्या दाराशी बांधील न राहता पुढे जायचे, अशी त्यांची रीत होती. म्हणजे झोळी ही स्वयंपूर्णतेची खूण होती. उलट, यहुदी समाजातील एसेन पंथीयांविषयी इतिहासकार जोसेफस सांगतो, की ते प्रवासाला निघताना लुटारूंपासून बचावासाठी शस्त्राखेरीज काहीच बरोबर नेत नसत. कारण प्रत्येक नगरात त्यांच्या पंथाचा एक माणूस पाहुण्यांच्या अन्नवस्त्राची सोय पाहण्यासाठी नेमलेला असे. येशूचे शिष्य या दोघांहून वेगळ्या अवस्थेत निघाले. त्यांच्याजवळ झोळी नव्हती आणि पुढच्या गावात त्यांची वाट पाहणारा स्वपंथीयही नव्हता. अनोळखी माणसाने दार उघडले तरच त्यांना रात्रीचा घास मिळणार होता.

म्हणूनच लूकच्या दहाव्या अध्यायात सामानाच्या सूचनेला लागूनच पाहुणचाराच्या सूचना येतात. ज्या घरी उतराल तेथेच राहा, घरे बदलत फिरू नका, पुढ्यात जे वाढले जाईल ते खा. रिकाम्या हातांनी गेलेला माणूस पाहुणा होतो आणि यजमानाला काही देण्याचा मान मिळतो. सुवार्ता सांगणारा आधी घेणारा झाला पाहिजे, अशी ही उलटी रीत आहे. भरलेली झोळी घेऊन गेलेला माणूस तिच्या बळावर यजमानाच्या उंबरठ्याबाहेरच राहू शकतो. याच शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात, दुःखसहनाच्या आदल्या रात्री, येशू शिष्यांना त्या रिकाम्या प्रवासाची आठवण देतो आणि तेव्हा काही उणे पडले का, असे विचारतो. काहीच उणे पडले नाही, असे ते सांगतात. त्यानंतर मात्र आता थैली आणि झोळी घ्यावी, असे तोच सांगतो. काळ पालटला की यादीही पालटते, याचा निर्वाळा खुद्द शुभवर्तमानातच आहे.

यजमानाचे रक्षण

परंतु रिकाम्या हातांनी येणारे पाहुणे वाढले, तर यजमानाचे काय? हा प्रश्न पहिल्या शतकाच्या अखेरीसच उभा राहिला असावा, असे 'डिडाखे' अर्थात 'बारा प्रेषितांची शिकवण' या छोटेखानी ग्रंथावरून दिसते. अनेक शतके हरवलेला हा ग्रंथ फिलोथेऑस ब्रिएनिऑस या ग्रीक धर्मगुरूंना १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथसंग्रहात सापडला आणि १८८३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील फिरत्या प्रेषितांविषयीचे नियम कमालीचे रोखठोक आहेत. आलेल्या प्रेषिताचे प्रभूसारखे स्वागत करावे. परंतु त्याने एक दिवस, फार तर दोन दिवस राहावे. तिसऱ्या दिवशीही तो मुक्काम हलवीत नसेल, तर तो खोटा संदेष्टा समजावा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसा मागितला, तर तोही खोटाच. साध्या प्रवाशाला कायमचे राहायचे असेल, तर त्याने काम करून खावे.

हे नियम गरिबांच्या मंडळीने आपल्या चुलीच्या रक्षणार्थ केलेले आहेत. संत पौलाला हे भान आधीच होते. करिंथ येथे तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवण्याचा धंदा करीत असे, आणि आपण कोणावर भार होऊ नये म्हणून रात्रंदिवस श्रम केले, असे त्याने थेस्सलनीकाकरांना लिहिले आहे. त्याच्या नावे असलेल्या तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात तर सामानाविषयीची एक अतिशय मानवी नोंद आहे. त्रोवस येथे कार्प नावाच्या गृहस्थाकडे राहिलेला झगा, ग्रंथ आणि विशेषतः चर्मपत्रे घेऊन हिवाळ्यापूर्वी ये, असे त्यात लिहिले आहे. बंदिवासातील थंडीत पांघरायला झगा हवा आणि वाचायला लिखाण हवे. या मागणीत कोणाला चैन दिसणार नाही. कमी सामानाचा अर्थ देहाची आबाळ असा कधीच नव्हता.

असिसी, बार्सिलोना, लिस्बन

पुढे मठ वाढले, जमिनी आल्या, घोडे आले. अशा काळात, १२०८ सालच्या सुमारास, असिसीजवळच्या पोर्शिउंकुला मंदिरात मत्तयाचा तो अध्याय वाचला जात असता फ्रान्सिस नावाच्या तरुणाने तो अक्षरशः आपल्याला उद्देशून आहे असे मानले. त्याने काठी टाकली, पायांतील वहाणा काढल्या आणि चामडी पट्ट्याच्या जागी दोरी बांधली. १२२३ साली पोप तिसरे होनोरियस यांनी मान्य केलेल्या त्याच्या संघाच्या नियमावलीत बंधूंनी घोड्यावर बसू नये असे कलम आहे. पण उघड निकड किंवा आजार असल्यास मुभाही आहे. घोडा हे त्या काळी सरदारकीचे चिन्ह होते. घोड्यावरील माणसाशी बोलताना शेतकऱ्याला मान वर करावी लागे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कलमाचा रोख कळतो.

लोयोलाच्या संत इग्नेशियसची हकीकत अधिक बोलकी आहे. १५२३ साली पवित्र भूमीच्या यात्रेला निघताना तो बार्सिलोनाच्या बंदरात थांबला होता. नावाड्याने फुकट नेण्याचे कबूल केले. परंतु स्वतःपुरती सुकी भाकर बरोबर आणली पाहिजे, अशी अट घातली. इग्नेशियसला पेच पडला. भाकर घेतली, तर देवावरील विश्वास उणा ठरेल की काय? त्याने हा प्रश्न आपल्या पापनिवेदक धर्मगुरूंपुढे ठेवला. त्यांनी भाकर घ्यावी, असा निर्णय दिला. मग त्याने ती भिक्षा मागून जमविली आणि उरलेली चार-सहा नाणी समुद्रकाठच्या एका बाकावर ठेवून तो जहाजावर चढला. जहाजावरच्या दुसऱ्या कोणाच्या ताटातील घास आपण कमी करू नये, हे त्या निर्णयाने साधले. पुढे त्याने आपल्या संघाच्या उमेदवारांसाठी एक महिना पैशाविना पायी यात्रा करण्याची कसोटी घालून दिली.

याच संघाचे संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले. पोपचे प्रतिनिधी म्हणून ते येत होते. राजाच्या अधिकाऱ्यांनी प्रवासाची सामग्री आणि दिमतीला एक नोकर देऊ केला. झेवियर यांनी काही ग्रंथ आणि थंडीसाठी जाडेभरडे वस्त्र एवढेच स्वीकारले. नोकर नाकारला. आपले कपडे आपण धुवावेत आणि आपले भांडे आपण चुलीवर ठेवावे, यात धर्मप्रतिनिधीच्या प्रतिष्ठेला बाध येतो हे त्यांना मान्य नव्हते. वाटेत मोझांबिकला मुक्काम पडला, तेथे ते आजाऱ्यांची शुश्रूषा करीत राहिले. ६ मे १५४२ रोजी गोव्याला पोहोचल्यावरही त्यांनी मुक्कामासाठी इस्पितळच निवडले.

तथापि याच झेवियरना जपानमध्ये वेगळा धडा मिळाला. १५५०-५१ च्या हिवाळ्यात फाटक्या वेशात, पायी, बर्फ तुडवीत ते राजधानी मियाकोपर्यंत गेले; परंतु त्या वेशातील माणसाचे बोलणे दरबारी जपानी माणूस ऐकून घेईना. तेव्हा ते यामागुची येथे परतले आणि चांगला पोशाख, गोव्याच्या राज्यपालांची व महागुरुस्वामींची पत्रे आणि घड्याळासारख्या नवलाईच्या भेटवस्तू घेऊन तेथील सरदारापुढे गेले. या वेळी त्यांना प्रवचनाची परवानगी आणि राहायला एक रिकामा मठ मिळाला. साधेपणाचे प्रदर्शन समोरच्याला अपमानकारक वाटत असेल, तर ते सोडून देण्याइतका मोकळेपणा त्यांच्याकडे होता. फाटके कपडे हाही एक प्रकारचा अहंकाराचा भार होऊ शकतो, असे यावरून म्हणता येईल.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेला सर्वांत जवळचे उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचे. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरलेला हा इंग्रज येशूसंघीय १६१९ साली मृत्यू पावेपर्यंत मुख्यतः साष्टीतच राहिला. त्याने येथे आल्यावर जे कमावले, ते कोणत्याही पेटीत मावणारे नव्हते. त्याने येथील भाषा शिकून घेतली आणि १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत सिद्ध केले. भाषेला वजन नसते, जहाजावर तिला भाडे पडत नाही. पण ती घ्यायची तर यजमानापुढे विद्यार्थी होऊन बसावे लागते, आणि नेमके तेच सामानसुमानाने लादलेल्या माणसाला जड जाते.

मावळातील दोन छावण्या

स्टीफन्सने साष्टीत ओव्या रचल्या त्यानंतर तीसएक वर्षांनी, घाटमाथ्यावरच्या मावळ खोऱ्यांत एका वेगळ्या इतिहासाला सुरुवात झाली. आजचा भोर तालुका आणि त्याच्या वायव्येचा वेल्हे तालुका म्हणजे रोहिड खोरे, हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे अशी जुनी नावे असलेला डोंगराळ मुलूख. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. पंतसचिवांच्या भोर संस्थानातही तालुक्यांना विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशी किल्ल्यांचीच नावे होती. ८ मार्च १९४८ रोजी हे संस्थान विलीन झाले. कारीचे जेधे, हिरडस मावळचे बांदल, गुंजण मावळचे शिळीमकर, मोसे खोऱ्यातले पासलकर या घराण्यांची ही भूमी. तोरणा घेऊन शिवाजी महाराजांनी स्वराज्याचा पाया घातला तो येथे, आणि मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधून सुमारे पंचवीस वर्षे राजधानी ठेवली तीही येथेच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत राजगड आहे.

या डोंगरांत टिकाव धरणारा मावळा थोडक्या सामानाचा होता. खांद्यावरची घोंगडी पावसात इरले होई, थंडीत पांघरूण होई आणि रात्री अंथरूण. फडक्यात भाकरी, कमरेला हत्यार. सैन्यात बायका, बटकी वा कलावंतिणी नेऊ नयेत, हा महाराजांचा दंडक सभासद बखरीत नमूद आहे. समोर मोगलांची छावणी होती. इटालियन प्रवासी जेमेल्ली करेरी याने १६९५ साली औरंगजेबाचा तळ गलगले येथे पाहिला. त्याच्या वर्णनाप्रमाणे तळात पाच लाखांवर माणसे होती, अडीचशे बाजार होते आणि तळाचा घेर तीस मैलांचा होता. आकडे ऐकीव असतील. परंतु चालते शहर असे त्याचे जे चित्र उभे राहते, त्याला इतर साधनेही दुजोरा देतात. १७०४ साली वयाची पंचाऐंशी वर्षे ओलांडलेला बादशहा असाच लवाजमा घेऊन या मावळात उतरला. त्याने फेब्रुवारीत राजगड आणि मार्चमध्ये तोरणा घेतला. पण ते त्याच्या वारसांच्या हाती टिकले नाहीत. एवढे लटांबर एकाच जागी पोसणे कोणत्याही खोऱ्याला शक्य नव्हते. जेथे तळ पडे, तेथील चारा, लाकूड आणि धान्य संपून जाई.

मात्र कमी सामानाची फौजही रयतेला जाचक होऊ शकते, हे महाराजांना पुरते ठाऊक होते. १६७०च्या दशकाच्या पूर्वार्धात चिपळूण भागातील छावणीच्या अंमलदारांना लिहिलेले त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यापुरता दाणावैरणीचा साठा जपून वापरा, असे त्यात बजावले आहे. तो आधीच उधळलात, तर ऐन पावसाळ्यात तुम्ही कुणब्यांच्या घरात शिरून धान्य, भाकरी, गवत, जळण, भाजीपाला नेऊ लागाल. मग त्या गरिबांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा इशारा आहे. गवताच्या गंजीजवळ दिवा ठेवू नये, उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि पागा जळते, इतक्या बारीक तपशिलाचीही काळजी त्यात आहे. डिडाखेचे नियम आणि हे पत्र यांच्यात सुमारे सोळा शतकांचे अंतर असून परस्परसंबंध काहीच नाही. तरीही दोहोंची दृष्टी एकाच जागी स्थिरावलेली आहे. ती जागा म्हणजे गावातील गरिबाची चूल.

ज्यांनी ओझी वाहिली

ओझ्याच्या इतिहासाचे आणखी एक पान आहे आणि ते आपल्या समाजाला फार जवळचे आहे. इंग्रजी अमदानीत आणि संस्थानांतही अधिकारी हिवाळ्यात फिरतीवर निघत. तंबू, पलंग, खुर्च्या, दप्तराच्या पेट्या, भांडीकुंडी असा त्यांचा संसार एका गावाहून दुसऱ्या गावाला हलवावा लागे. गाड्या आणि बैल असत. पण जेथे गाडीवाट संपे, तेथे हे सामान माणसांच्या डोक्यावर चढे. हे काम बहुतेक ठिकाणी वतनदारीच्या नावाखाली महार बांधवांकडून घेतले जाई. रात्री-अपरात्री बोलावणे आले तरी जावे लागे, आणि मोबदल्याचा भरवसा नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या वेठीतून सुटका व्हावी म्हणून. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगार निषिद्ध ठरविली, आणि मुंबई राज्यातील ही कनिष्ठ गावकी वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

नगर जिल्ह्यातील आणि पुणे धर्मप्रांतातील असंख्य मराठी कॅथलिक कुटुंबांचे आजे-पणजे या वेठीच्या काळात जगले. साहेबाच्या पेट्या वाहणाऱ्या त्या माणसांना फादरांच्या रूपाने असा एक पाहुणा भेटला, जो त्यांच्याच वस्तीत येऊन बसला, त्यांच्या घरचे पाणी प्यायला आणि त्यांच्या पोरांना अक्षरे शिकवू लागला. त्या काळात महारवाड्यातील पाणी पिणे ही केवढी गोष्ट होती, हे नव्या पिढीला समजावून सांगावे लागते. सर्वच मिशनरी सडेफटिंग होते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांच्याही फिरतीत तंबू आणि बैलगाड्या असत. परंतु लोकांच्या मनावर ठसा उमटला तो पुढ्यात वाढलेले खाणाऱ्यांचा. म्हणून आज याच घरांतील मुले-मुली सेवेसाठी खेड्यात जातात, तेव्हा त्यांच्या सामानाची गाठोडी गावातील एखादी आजी वा शाळकरी पोर उचलून वाडीपर्यंत नेत असेल, तर ते दृश्य केवळ अशोभनीय ठरत नाही. आपल्याच वाडवडिलांच्या मानेवरचा वळ आपण विसरलो, असा त्याचा अर्थ होतो.

आजची यादी

महाराष्ट्रात श्रमशिबिरांची परंपरा आता जुनी झाली आहे. बाबा आमटे यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली, आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू होऊन महाविद्यालयीन तरुण खेड्यांत जाऊ लागले. आपले युवकगट याच वाटेने चालत आले आहेत. भोर-वेल्ह्यात जाणाऱ्यांनी मात्र निघण्यापूर्वी एक हिशेब समजून घ्यावा. पुणेकर ज्या नळाचे पाणी पितात, त्यामागे आंबी नदीवरील पानशेत आणि मोसे नदीवरील वरसगाव ही धरणे आहेत. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, ते आठवते ते शहराच्या हानीमुळे. पण धरणे बांधताना जी गावे पाण्याखाली गेली, ती या खोऱ्यांतली होती. भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर १९२०च्या दशकात उभे राहिलेले भाटघरचे धरण खालच्या बागायती मुलखाला कालव्यांचे पाणी देते. म्हणजे शहरातून जाणारा सेवक या खोऱ्याचे देणे लागतो. तो मदत घेऊन चालला आहे असे त्याला वाटते. वस्तुतः तो आपल्या धनकोच्या घरी निघाला आहे. पाण्याच्या बंद बाटल्यांचे खोके डोंगर चढवून त्या खोऱ्यात नेणे आणि रिकाम्या बाटल्या तेथेच टाकून येणे, यातील विसंगती वेगळी सांगायला नको.

मग पिशवीत काय असावे? इतिहासाने दिलेल्या उत्तरांची मांडणी अशी करता येईल. बार्सिलोनाच्या धर्मगुरूंचा निर्णय आणि चिपळूणचे पत्र यांना स्मरून प्रत्येकाने आपापला शिधा न्यावा. तांदूळ, डाळ, तेल, मीठ हे सर्व एकत्र करून स्वयंपाक करणाऱ्या घराच्या स्वाधीन करावे. वेगळी चूल मांडून शहरी पदार्थ करू नयेत. घरातली माउली नाचणीची भाकरी आणि वरईचा भात वाढील, तेव्हा लूकच्या दहाव्या अध्यायाला स्मरून तो खावा. पौलाच्या झग्याला स्मरून पावसापासून बचावाचे साधन, कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि रोजची औषधे न्यावीत. आजारी पडलेला सेवक हा यजमानावर पडलेला सर्वांत मोठा भार असतो. झेवियरना स्मरून आपले ताट आपण घासावे आणि आपले कपडे आपण धुवावेत. आणि पिशवी एवढीच असावी, की चिखलाच्या वाटेने ती आपली आपल्याला उचलता येईल. मदतीला कोणी पुढे झाले, तरी ती देण्याची वेळ येऊ नये.

घरी ठेवण्याच्या वस्तूंची यादी याहून अवघड आहे. जुन्या कपड्यांचे गठ्ठे घरी ठेवावेत. गावाने मागितले नसताना वापरून टाकलेले कपडे वाटणे हे त्यांना आपल्या अडगळीचे वारस करणे आहे. ध्वनिवर्धक, खाऊची पाकिटे, वाटपाच्या वस्तू आणि वाटप करतानाची छायाचित्रे घेण्याची हौस हीही घरीच राहावी. गावाला खरोखर काही हवे असेल, तर ते आधी विचारून, गावाच्या निर्णयाने आणि जवळच्या बाजारातून घेतले, तर पैसा तालुक्यातच राहतो आणि डोंगर चढवण्याचा खटाटोपही वाचतो. सर्वांत मागे ठेवायची गोष्ट म्हणजे आपल्यावाचून यांचे अडले आहे, ही समजूत.

लूकच्या सूचनेतील घरे न बदलण्याचा नियम आपल्या खेड्यांत विशेष महत्त्वाचा आहे. येथे गावठाण असते, त्यापासून दूर धनगरांचा वाडा असतो, महादेव कोळ्यांची वाडी असते, ओढ्याकाठी कातकऱ्यांची झोपडी असते. गट पहिल्या दिवशी कोठे उतरला आणि कोणाच्या घरी जेवला, यावरून गाव त्याची परीक्षा करते. कातकरी वस्तीवर काम करायचे आणि जेवायला मात्र गावठाणातील मोठ्या घरी जायचे, असे झाले तर दिवसभराच्या श्रमाचा अर्थच पालटतो. तेथे उतरता आले पाहिजे, आणि तेथे उतरायचे तर सामान त्या झोपडीत मावेल एवढेच हवे. डिडाखेचा नियमही लक्षात असावा. लावणीच्या दिवसांत चार दिवस हात देऊन वेळेवर निघणारा पाहुणा पुढच्या वर्षी पुन्हा बोलावला जातो.

स्टीफन्सचा धडा राहिला. आवण म्हणजे काय, चिखलणी कशी करतात, इरले कशाचे विणतात, कोणत्या खाचराला आधी पाणी सोडायचे, हे शब्द आणि ही ज्ञाने परतीच्या पिशवीत भरून आणता येतात. वाफ्यात वाकून रोप लावणाऱ्या बाईकडून लावणीची ओळ शिकणारा तरुण त्या वेळी विद्यार्थी असतो, आणि ती त्याची गुरू असते. शिबिराचा अहवाल लिहिताना किती मीटर चर खणला, हे नोंदवावेच; कोणाकडून काय शिकलो, हेही नोंदवावे.

ख्रिस्तसभेच्या परिभाषेत एक जुना लॅटिन शब्द आहे, व्हिआटिकम. प्राचीन रोममध्ये दूरच्या कामगिरीवर निघालेल्या अधिकाऱ्याला मिळणाऱ्या प्रवासखर्चाला, वाटेच्या शिदोरीला, हा शब्द होता. ख्रिस्तसभेने तो उचलून मरणासन्न श्रद्धावंताला दिल्या जाणाऱ्या ख्रिस्तप्रसादासाठी राखून ठेवला. अखेरच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या हाती ती एवढीच शिदोरी ठेवते, आणि तीही त्याने स्वतः बांधून घेतलेली नसते. दुसऱ्या कोणीतरी आणून दिलेली असते. भोरच्या एसटी स्थानकावर उतरून वाडीची वाट धरणाऱ्या आपल्या मुला-मुलींना सामानाची यादी देताना ही गोष्टही सांगावी. बाकी यादी त्यांची ती करतील.